बिनबॅगेची म्हातारी

—उलटा लावलात तुम्ही पट्टा, ताई. द्या इकडं. हे टोक यात असं सारायचं, टक् वाजलं की झालं, आणि सोडायचा तेव्हा हे झाकण वर उचलायचं, ओढाताण करायची नाही. पहिलीच खेप ना? कळतं हो. पहिल्या खेपेला माणूस खुर्चीचे हात असे गच्च धरून बसतं, जणू आपण धरलंय म्हणूनच विमान वर राहणार आहे. सोडा हात. आणि चपला आत्ताच काढून ठेवा, पाय सुजतात, मग चपला पायात रुतून बसतात आणि फजिती होते. माझे हे मोजे बघा, दोन मापं मोठे आहेत, उगाच नाही घेतले. कुठं निघालात — लेकीकडं? बाळंतपण? छान. ती भलीमोठी निळी बॅग तुमचीच ना, मी रांगेत तुमच्या मागंच होते, वजन करणारा माणूससुद्धा वाकला तिच्यापुढं. माझी? नाही, माझी बॅगच नाही. ही पिशवी आहे, एवढंच. चष्मा, गोळ्या, एक शाल, नातीनं काढलेलं चित्र. हसा, हसा — एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेली बाई आणि हातात भाजीची पिशवी. पण त्याला एक गोष्ट आहे. ऐकता? ऐकाच. मला एका जागी बसवत नाही, तोंड चालू असलं की पाय जरा गप्प बसतात.

तर, आटपाट आभाळ होतं. त्या आभाळात एक म्हातारी राहायची. खाली तिची तीन घरं होती, पृथ्वीच्या तीन टोकांना — थोरल्या लेकाचं, मधल्या लेकीचं आणि धाकट्या लेकाचं — आणि तिन्ही मिळून तिचं एकही नव्हतं. नवरा गेला, होतं ते घर मोडलं, लेकरं जमली आणि म्हणाली, आई सगळ्यांची. म्हातारीला बरं वाटलं ऐकून. आई सगळ्यांची म्हणजे आई कोणाचीच नाही, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मग सुरू झालं. थोरल्याकडून लेकीकडं, लेकीकडून धाकट्याकडं, धाकट्याकडून फिरून थोरल्याकडं. कुठं नातवाला सांभाळायला, कुठं सुनेच्या ऑपरेशनला, कुठं नुसतंच, पाळी आली म्हणून. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, हिचं चाकांवर. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, पण विमानतळ विचारा तिला. कुठल्या विमानतळावर बायकांच्या संडासाला लांब रांग असते, कुठल्या विमानात पांघरूण मागितल्याशिवाय देत नाहीत, कुठल्या देशातला शिक्का मारणारा माणूस हसतो आणि कुठला बापजन्मात हसलेला नाही, सगळं तोंडपाठ. विमानातल्या पोरी ओळखायला लागल्या. एक तर म्हणायची, आज्जी, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त उडता.

पाट्या वाचता येत नाहीत, म्हणून ती चाकाची खुर्ची मागायची. पाय धडधाकट होते हो, चार कोस चालली असती. पण खुर्ची घेतली की ढकलणारा माणूस बरोब्बर दारापर्यंत नेतो, तपासणीतून पार करतो, आणि शेवटी तो बॅगांचा फिरता पट्टा असतो ना, तिथं थांबून बॅगही उचलून देतो. तुम्हीही मागा पुढच्या वेळी. लाजायचं काय त्यात. लंगडं नसून खुर्चीत बसलं तर पाप लागत नाही, हरवलं तर मात्र लागतं.

—काय म्हणते ही मुलगी? पाणी? हो, द्या दोघींना. ताई, घोट घोट प्या, एकदम पिऊ नका, आता वर चढताना कानांना दडे बसतील.

कुठं होते मी? हां. तर सकाळी जाग आली की म्हातारीला कळायचं नाही आपण कुठल्या घरात आहोत. थोरल्याकडं दिव्याचं बटण उशाशी, लेकीकडं दाराजवळ, धाकट्याकडं बटणच नाही, लोंबती दोरी. अंधारात हात भिंतीवर फिरायचा. उशाशी सापडलं तर म्हणायची, अच्छा, थोरला. नाही सापडलं तर दोरी शोधायची. असं रोज भिंत चाचपून लेकराचं नाव काढायचं. चांगलं वाटतं का हे? तुम्हीच सांगा. नाही, सांगू नका, मीच सांगते, नाही वाटत.

आता तिची खोड ऐका. म्हातारीला एक धाक होता, कुणावर आपलं ओझं नको. पाहुणा पहिल्या दिवशी गोड, तिसऱ्या दिवशी जड, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. म्हणून ती काय करायची, कुणी ‘आता निघा’ म्हणण्याच्या आत आपणच निघायचं. घरात पाऊल टाकलं, सुनेनं वाकून नमस्कार केला, की तिचा पहिला प्रश्न — माझं पुढचं तिकीट कधीचं काढलंय? आणि बॅग उपसायची नाही. कपाट दाखवलं तरी नाही. बॅग पलंगाखाली, हँडलला लाल फडकं बांधलेलं, चेन अर्धी उघडी, लागेल ते लुगडं काढायचं, वाळलं की परत आत. तिला वाटायचं, केवढी आपण समजूतदार. सुनेला कपाटसुद्धा अडवत नाही.

आणि लेकरांना काय वाटायचं? सून नवऱ्याला म्हणायची, तुमच्या आईला इथं करमतच नाही, आल्या आल्या जायचं विचारतात, लेकीत जीव अडकलाय त्यांचा. लेक जावयाला म्हणायची, आईला काय, शेवटी मुलगे. बॅग तरी उघडते का माझ्याकडं. धाकटा तर लाल डोळ्यांनी तिकीट काढून आणायचा, मुदतीच्या आधीचं. आणि तिकीट हातात पडलं की म्हातारी मनात म्हणायची, बघ, मी म्हणत नव्हते? काढलंच ना लगेच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ती निघते म्हणून ते पाठवायचे, ते पाठवतात म्हणून ती निघायची. आणि मध्ये विमान कंपनीचं भलं.

—जरा उठू द्या, ताई, गुडघा धरला. दिवा विझलाय ना पट्ट्याचा? तुम्हाला दिसतोय, मला लांबचं धूसर... हां, बरं वाटलं. त्या खिडकीची झापड राहू द्या उघडी. बाहेर लख्ख ऊन आणि आत हे लोक सगळ्यांना निजवतात, बाळांना निजवावं तसं.

तर एका खेपेला म्हातारी लेकीकडं आली आणि बॅग काही आली नाही. हरवली. हरवतात हो, विमान बदलताना राहून जातात मागं. तुमची नाही हरवायची, घाबरू नका. काउंटरवरच्या बाईनं लिहून घेतलं, खुर्चीवाल्यानं बाहेर नेऊन सोडलं, आणि लेक बघते तो आई रिकाम्या हातांनी उभी. घरी गेल्यावर लेकीनं स्वतःचे दोन गाऊन दिले, एक स्वेटर दिला. नात हसून हसून पडली — आजी मागून अगदी आईसारखी दिसते. मग ते धुतलेले गाऊन ठेवायचे कुठं, पलंगाखाली तर काही नाही. लेकीनं कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला. त्यात आधी जावयाच्या बुटांची खोकी होती, ती गेली जिन्याखाली. आणि त्या कप्प्यात म्हातारीचे दोन गाऊन, स्वेटर, चष्म्याचं घर. बघत बसायची हो ती त्या कप्प्याकडं. दार उघडायची, बघायची, लावायची. काही काम नसताना.

आणि या वेळी पुढच्या तिकिटाचं विचारायचं राहूनच गेलं. विचारणार कसं? बॅगेशिवाय माणूस जाणार कुठं? सोपं कारण मिळालं. रोज संध्याकाळी लेक फोन करायची विमान कंपनीला, बॅगेचं विचारायला. मग एक दिवसाआड करायला लागली. मग बंदच केलं. म्हातारीनंही विचारलं नाही. दोघी कपड्यांच्या घड्या घालायच्या, भाजी निवडायच्या, बॅगेचं नाव नाही.

मग एकदा नात शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणते — आजी, तुझी बॅग सापडली, माहितीये? काल फोन आला होता. आई त्यांना म्हणाली, घाई नाही, राहू दे तुमच्याकडेच.

म्हातारी उठली. स्वयंपाकघरात लेक भांडी विसळत होती. म्हणाली, काय गं, माझी बॅग सापडली?

लेकीनं मागं वळून बघितलं नाही. नळ चालूच ठेवला. म्हणाली, सापडली.

मग आणली का नाहीस?

तर म्हणते, आणली की तू जाशील.

कोण म्हणालं जाईन?

तू. दर वेळी. दारातून आत यायच्या आधी. आई, इतक्या वर्षांत तू माझ्या घरात एकदा तरी बॅग उपसलीस का? मी कपाट झाडून ठेवते दर वेळी तू येणार म्हणून. तू गेलीस की पुन्हा त्यात खोकी भरते.

म्हातारीनं विसळलेलं एक भांडं उचललं, पुसलं. मग म्हणाली, मला वाटायचं तुम्हाला अडचण नको. लेक म्हणाली, आम्हाला वाटायचं तुला आम्ही नको. आणि नळ बंद केला. ओले हात तसेच आईच्या खांद्यावर. झालं. पुढचं काय सांगायचं, बायकाच त्या.

नळ बंद करायला इतकी वर्षं लागली, बघा.

—असं का बघताय? काय विचारायचंय? ... लाल फडकं? हो, होतं की बांधलेलं हँडलला, ओळखू यावी म्हणून. तिच्या बॅगेला नेहमीच असायचं. मग हरवली कशी, असंच ना? चलाख आहात तुम्ही, दिसत नाही तशा. हरवली म्हणजे... पट्ट्यावर आली होती. आली हो. खुर्चीवाला बिचारा एकेका बॅगेकडं बोट दाखवायचा, ही? ही? भाषा येत नाही ना एकमेकांची, बोटानंच. म्हातारी मान हलवायची, नाही. मग लाल फडकं आलं, हलत डुलत. त्यानं बोट दाखवलं. आणि माझी मान — तिची मान हलली, नाही. ठरवलं वगैरे काही नव्हतं. एवढं ओढून ओढून हातातला जीव गेला होता, आणि ते फडकं समोरून येताना बघून वाटलं, की हे आता पलंगाखाली जाणार, आणि मग पुन्हा बाहेर निघणार. एक फेरा घेतला बॅगेनं, पुन्हा आली. पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी म्हातारीनं तोंडच फिरवलं. बेवारशासारखी फिरत राहिली ती, आणि आम्ही काउंटरवर गेलो, हरवली म्हणून सांगायला.

हे लेकीला ठाऊक नाही. कोणालाच नाही. तुम्हाला का सांगितलं मी? विमानात बोललेलं विमानात राहतं म्हणून. उतरलात की विसरा.

बॅग आणली मग जावयांनी. लेकीनं स्वतः उपसली, एक एक लुगडं झटकून कप्प्यात लावलं, आणि ती रिकामी बॅग नातीनं पळवली, आता तिच्यात खेळण्यातली जनावरं राहतात. लेकीनं दोघा भावांना फोन लावला आणि सगळं सांगितलं, म्हणजे तिच्या वाटचं सगळं. धाकटा रडला, तो रडकाच आहे. थोरल्यानं फोन बायकोच्या हातात दिला. मग सूनच बोलली, थोरल्याची, जिला म्हातारी जन्मभर तुसडी समजत आली — म्हणाली, आई, इकडचंही कपाट रिकामंच ठेवलंय. मी दोन लुगडी, एक गाऊन, चपला, सगळं आणून लावते. तुम्ही येताना काही आणू नका. हात हलवत या, आणि वाटेल तेव्हा परत जा.

म्हणून ही पिशवी. कळलं? इथून तिथं कपडे, तिथून इथं कपडे, मधल्या आभाळात नुसतं माणूस. आणि पिशवीत जाण्याचंही तिकीट आणि येण्याचंही, दोन्ही एकदम. तसलं तिकीट आयुष्यात पहिल्यांदा. तरी बसवत नाही बघा एका जागी, मगापासून चुळबुळ चाललीये माझी. मन म्हणतं, सून फोनवर बोलली ते खरं ना? असेल ना तो कप्पा? उगाच काहीतरी. असेल. मागच्या आठवड्यात तिनं फोटो पाठवला कपाटाचा, आतला बल्ब लावून. लेकीनं दाखवला मोठा करून. वरून तिसरा कप्पा, काठाला नवा कागद लावलेला.

तर अशी ही तीन घरांची कहाणी, कपाटाच्या खणात सुखी झाली. जसे तिला खण मिळाले, तसे तुम्हाला मिळोत. नाही, मिळोत नाही — मागून घ्या. ती निळी बॅग आहे ना, पोचल्या पोचल्या उपसा. त्याच दिवशी, चहाच्या आधी. लेकीला म्हणा, कुठं ठेवू? आणि जायचं कधी, हे विचारायचं नाही. जीभ वळवळली तरी नाही.

लागला का दिवा पट्ट्याचा? बांधा. टक्. शिकलात की. आता पुन्हा कानांना दडे बसतील, आवंढा गिळत राहा, आणि माझ्याशी बोलू नका, उतरताना मला बोलायला आवडत नाही.