कॉफीची बरणी

नाही नाही, आधी तो फोन खाली ठेवा, ताई — ठेवा हो, दोन मिनिटं, जास्त नाही — मी इथं दारातच उभा राहतो, आत येत नाही, मास्कही वर आहे, हे बघा. तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. माझे बाबा म्हातारा माणूस आहेत, चौऱ्याहत्तर पूर्ण. या वयात नाक चालतं का कुणाचं? नाही चालत. गुडघे चालत नाहीत तिथं नाकाचं काय घेऊन बसलात! तुम्ही सहा बरण्या मांडल्यात — लवंग, संत्र्याचं साल, चामड्याचा तुकडा, कॉफी, अजून काय काय — वाइन चाखायच्या आधी वास ओळखायचा खेळ म्हणून. छान खेळ आहे, माझ्या मुलीनं चार ओळखले. आणि कॉफीची बरणी हुंगून बाबा म्हणाले, हिला वासच नाही. एवढंच ना? हसले की सगळे. मीही हसलो. तुम्ही नाही हसलात. तुम्ही हातातली बाटली टेबलावर ठेवलीत आणि सरळ इकडे आत आलात, म्हणून मागोमाग आलो मी. तसं त्या पिवळ्या पाटीवाल्या गाइडबाईंनी बजावलंय, घोळका सोडायचा नाही, जो सोडेल त्याला जहाजावर परत घेणार नाही — पण हात धुऊन येतो म्हणालो. हात धुवायला कोण नको म्हणतंय आजकाल?

धूळ आहे हो ती. बसमधून येताना खिडक्या उघड्या ठेवायला लावल्या, साथीचा नियम म्हणे, आणि रस्ता तुमचा सगळा मातीचा. त्यात जहाजावरची ती केबिन, चोवीस तास गार वारा. माझंही नाक चोंदलंय सकाळपासून. आणि खरं सांगू का, बाबांना वाइनमधलं ओ की ठो कळत नाही. त्यांचं नाक साबणाचं. छत्तीस वर्षं साबणाच्या कारखान्यात, प्रत्येक खेप आधी त्यांच्या नाकाखालून जायची — त्यांनी मान हलवली की माल बाहेर, नाही हलवली की सगळं परत कढईत. मालकसुद्धा त्यांच्यापुढे बोलायचा नाही. नाकमामा म्हणायचे त्यांना तिथं. घरी आईचं दूध करपायला लागलं की हे दोन जिने खालून ओरडायचे. मी कॉलेजात असताना पहिली सिगारेट ओढली ना, ती त्यांनी तीन दिवसांनी पकडली — तीन दिवसांनी! शर्ट धुऊन वाळून घडी होऊन कपाटात गेला होता, तो काढला, कॉलर हुंगली, आणि… नाही, म्हणजे… हे मी काय सांगत बसलो तुम्हाला.

बरं, नाक जाऊ द्या. तपासणी झालीय ना! परवाच झाली, जहाजावर, सगळ्यांची. थुंकी द्यायची नळीत. आमची चौघांचीही निगेटिव्ह — मी, बायको, मुलगी, बाबा. तो निकाल आल्याशिवाय उतरूच दिलं नसतं आम्हाला. मग? — काय? — कुणाची थुंकी म्हणजे? बाबांचीच. नळीवर त्यांचं नाव, त्यांचा केबिन नंबर, सगळं. असं बघू नका माझ्याकडे. मी काय म्हणालो असं? मी फक्त म्हणालो की नळीवर नाव त्यांचं.

थांबा. थांबा हो, सांगतो. फोनवरचा हात काढा, सांगतो.

परवा केबिनच्या दारात तो जहाजावरचा माणूस ट्रे घेऊन उभा होता. तोंडावर मास्क, वर प्लास्टिकचं झाकण, घड्याळ बघत होता सारखा. बायको मुलीला घेऊन बाथरूममध्ये. आणि बाबांना थुंकीच येईना. रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं त्यांचं. नळीवर एक रेघ असते, तिथपर्यंत यायला हवं, आणि यांचं तळसुद्धा ओलं होईना. मी म्हटलं, द्या इकडे. बस्स. बाबांचं सगळं मीच करतो, ताई. बँकेचे फॉर्म मी भरतो, सह्या मी ठोकतो, डॉक्टरनं विचारलं पोट साफ होतं का, तर होतं म्हणून मी सांगतो, ते नुसते बघत बसतात. आमच्या घरात असंच आहे. तशी ही नळीही भरली मी. आधी माझी, मग त्यांची. विचार करून नाही केलं हो, हाताला सवय असते तसं झालं.

नाही. खोटं कशाला बोलू. तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी खोकले होते ते. पाच वेळा. मी मोजलं होतं. पाचव्यांदा खोकले आणि माझ्याकडे बघितलं, मी खिडकीकडे बघितलं. म्हटलं, एसीचा खोकला. बायकोला अजून माहीत नाही यातलं. कुणालाच माहीत नाही. तुम्ही पहिल्या.

आता तुम्ही म्हणाल, काय माणूस आहे हा. म्हणा. पण त्यांना घेऊन गेले तर काय होईल ते तरी ऐका. त्यांना ऐकू येत नाही. उजवा कान गेलाच, डाव्यात ओरडलं तर थोडंफार. इतकी वर्षं ओठांवरून ओळखायचे ते — कढयांच्या आवाजात तेच शिकले — आणि आता सगळ्या जगानं ओठ झाकून घेतलेत! दोन वर्षं हा माणूस घरात बसून आहे, समोरचा काय बोलतोय कळत नाही, मग उगाच हो हो करतो. अशा माणसाला परक्या बंदरावर एका खोलीत चौदा दिवस टाकणार — आत येणारा प्रत्येक जण पांढऱ्या पोशाखात, डोळे तेवढे दिसणार — कोण काय विचारतंय, कशावर अंगठा लावायला सांगतंय, काय कळणार त्याला? आई अशीच गेली. पहिल्या लाटेत. गाडीत बसताना ती काहीतरी म्हणाली बाबांना, मास्कमधून. त्यांना कळलंच नाही. ते हो म्हणाले. अजून मला विचारतात, काय म्हणाली रे ती? मला तरी कुठं ऐकू आलं होतं! नवव्या दिवशी फोन आला. मी त्यांना शब्द दिलाय, ताई, की तुम्हाला एकटं कुठं जाऊ देणार नाही. मुलगा आहे मी. एवढा तरी शब्द पाळायला नको?

म्हणून म्हणतो, बाहेर जाऊन एवढंच म्हणा की बरणी जुनी होती, वास उडून गेलाय. तुमच्या तोंडचं खरं मानतील सगळे. तासाभरात आम्ही बसमध्ये, संध्याकाळी जहाज सुटलं की तुमच्या डोक्याचा ताप गेला. परवा घरी. घरी गेल्यावर मी स्वतः त्यांना — हो, बावीस जण आहेत बसमध्ये. माहीत आहे मला. हो, माझी मुलगीही. ती कालपर्यंत त्यांच्या मांडीवर — नाही, काल नाही. काल ढकललं त्यांनी तिला. चक्क ढकललं, मला वाटलं वैतागले. रडली पोर.

त्या तिथं मागे ग्लास पुसतायत, त्या कोण तुमच्या? आई? — किती वय? — हं. ते ग्लास आमचेच का, आत्ताचे? उष्टे? त्यांना जरा… हातमोजे तरी… नाही, मी काही म्हणत नाही. चुकलं माझं. मी बोलायला नको होतं त्यांच्याबद्दल.

आणि ती बरणी आणून देतो तुम्हाला, पाचच आल्यात ना परत? कॉफीची बाबांकडेच राहिलीय. पुढे दिलीच नाही त्यांनी, मांडीवर घेऊन बसलेत, ती बघा, खिडकीतून दिसतेय. आणि टेबलावरून उठून तिकडे भिंतीशी एकटे जाऊन बसलेत, बघा, उन्हात, कशाला बसलेत तिकडे कुणास ठाऊक, सावली सोडून… काचेची आहे ना ती बरणी? आतल्या बिया दिसतात ना बाहेरून? दिसतात की. मग त्यांना दिसल्या नसतील? कान गेलेत, डोळे नाही गेले त्यांचे! पेपर वाचतात अजून बिनचष्म्याचा. कॉफी म्हणून मोकळे झाले असते की! बघून सांगितलं असतं, कॉफी, कुणाला काय कळणार होतं? तुम्हाला तरी? पण नाही. मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. माझ्याकडे बघून नाही, तुमच्याकडे बघून म्हणाले. मी हसलो तेव्हा ते हसले नव्हते, ताई. मी त्यांचा दंड दाबला आणि हसलो. कोंबडं झाकून ठेवलं की झालं, असं वाटलं मला.

बाबा — कुठं निघाले हे? — बाबा! ऐकू येणार नाही इथून. ते त्या पाटीवाल्या बाईंकडे चाललेत. थांबले. चांगली सहा पावलं अलीकडे थांबले. बोलतायत काहीतरी. मागं सरकली ती. सगळेच सरकले. बायकोनं पोरीला ओढलं बघा. ती पाटीवाली बाई विचारतेय काहीतरी, हातवारे करतेय, त्यांना कळत नाहीये, कानामागे हात धरलाय त्यांनी, डावा कान पुढे करतायत आणि ती अजून मागं जातेय. अहो, ओरडून बोला की त्यांच्याशी कुणीतरी! हो म्हणतायत. मान हलवतायत नुसती. तिनं काय विचारलं कळलं नाही त्यांना, आणि हो म्हणतायत.

सरका, ताई. करा तुम्ही फोन, करा. नळीचं मी सांगतो त्यांना, तुम्ही नका सांगू. फक्त गाडी मागवाल ना, तर दोन माणसं म्हणून सांगा. सरका हो, जाऊ द्या मला, दोन म्हणून सांगा —