छकुलीनं मान धरली

दवाखान्याच्या बाकावर पाठदुखीनं वैतागलेला एक घड्याळजी बसला होता. शेजारी एक बाई मांडीवरच्या लेकीला सावरत नणंदेशी बोलत होती, आणि त्याचे कान आपोआप तिकडे गेले.

"ताई, सकाळी छकुलीनं मान धरली!"

"काय सांगतेस! दीड वर्षाची होत आली, कधी धरली नव्हती. कशानं गं?"

"ते कण्यातलं इंजेक्शन. प्रथिन बनवायचा निरोप असतो ना पेशीत, आरएनए म्हणतात, तो छाटून जोडायला बारीक बारीक कण असतात. तेही आरएनए आणि प्रथिनांचेच."

"शिंप्यासारखे?"

"अगदी! हिच्या निरोपातला एक तुकडा ते गाळतच होते. मग प्रथिन नीट बनेना, स्नायूंना बळ कुठलं? औषधानं तो तुकडा आता टिकतो."

"म्हणजे चालेल ती?"

"ते कुणीच छातीठोक सांगत नाही."

"बरं, मला दाखव तरी. छकुले, आत्याकडे बघ!"

"दमलीय हो ती, ताई..."

"अगं, वळवली! वळवली मान!"

"तुमच्याकडे नाही, त्या काकांकडे बघतेय!"

तेवढ्यात आतून घड्याळजीचा नंबर पुकारला.

"दुसऱ्या कुणाला तरी घ्या हो आधी," तो हलकेच म्हणाला. "ती माझ्याकडे बघतेय."