नुसता पत्ता बदलायचा होता!

नाही, मला एक सांगा, पत्ता बदलणं हे काय काम आहे का? आपण घर बदललं की दूधवाल्याला सांगतो, पेपरवाल्याला सांगतो, संपलं! आणि आमच्या ऑफिसात पत्ता बदलायचा म्हणजे सगळा कारभार ठप्प!

तुम्हाला सांगतो, आमचं सॉफ्टवेअर म्हणजे निव्वळ निरोप्या. चष्म्याच्या दुकानांतून डोळ्यांचे नंबर उचलायचे आणि काचा घासणाऱ्या कारखान्याच्या कॉम्प्युटरला नेऊन द्यायचे. बस्स. पण त्या कॉम्प्युटरचा पत्ता आमच्या प्रोग्रॅमच्या पोटात लिहिलेला, आणि कारखाना दर दोन महिन्यांनी तो बदलणार! बदलला की मी सगळं थांबवायचं, पोट उघडायचं, पत्ता बदलायचा, पोट शिवायचं, पुन्हा चालू करायचं... आणि तोवर चाळीस दुकानदार फोनवर, "अहो, गिऱ्हाईक चष्मा काढून बसलंय, त्याला दार दिसत नाहीये!"

तर आमचे साहेब (कल्पना सुचली की ते खुर्चीत झुलतात) झुलत झुलत म्हणाले, "काहीही बंद न करता, चालत्या कामात पत्ता बदलता आला पाहिजे. जमेल?" म्हटलं, न जमायला काय झालं? नुसता पत्ता तर बदलायचा होता हो!

मी पत्ता पोटातून काढला आणि बाहेर एका तक्त्यात ठेवला. प्रत्येक निरोप निघताना तक्त्यात बघणार, आत्ता कुठे जायचंय? तिथे जाणार. आता चाचणीसाठी खरा कारखाना कसा वापरणार? उगाच काचा घासून पाठवतील! म्हणून टेस्टिंगवाल्या बाईंनी कॉम्प्युटरमध्येच एक लुटुपुटूचा कारखाना बसवला. त्याला काहीही पाठवा, तो म्हणणार, "मिळालं, धन्यवाद!" करणार मात्र काही नाही.

चाचणी पास. सोमवारी काम चालू. बाईंना वाटलं खरा पत्ता मी टाकला, मला वाटलं त्यांनी टाकला... आणि काय सांगू, इतका सुखाचा आठवडा मी नोकरीत पाहिला नाही! एक तक्रार नाही, एक लाल दिवा नाही. चाळीस दुकानांचे नंबर जातायत, मिळालं, धन्यवाद, मिळालं, धन्यवाद... साहेब तर असे झुलले की खुर्चीचं चाक निघालं!

आणि घरी? घरी बाबा. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, नवा नंबर मंगळवारी कोपऱ्यावरच्या दुकानात दिलेला. तोही आमच्याच सॉफ्टवेअरमधून जाणार. आई गेली त्याला सात महिने झाले. तिची स्वयंपाकाची वही आहे, अक्षर मुंगीएवढं. बाबा त्या वहीतून स्वयंपाक शिकतायत. न दिसता! म्हटलं, मी वाचून दाखवतो, तर, "नको. तिचं अक्षर मी वाचणार. चष्मा येऊ दे." तोवर अंदाजपंचे! अहो, जीभ सोलून निघायची! "मीठ किती टाकलंत, बाबा?" "तीन चमचे. तीनच दिसतंय." आणि रोज विचारायचे, "चष्म्याचं काय?" मी रोज ऑफिसात बघून छातीठोक सांगायचो, "ऑर्डर पोचलीय. धन्यवादसुद्धा आलंय!" "मग येईलच," असं म्हणून बाबा मला आणखी भाजी वाढायचे!

शुक्रवारी कारखान्याच्या मुकादमाचा फोन. "काय हो, सगळ्या जगाचे डोळे सुधारले का? पाच दिवसांत एक काच नाही मागितलीत. माझी माणसं कॅरम खेळतायत!"

फोन तसाच ठेवून दिला. तक्ता उघडला... लुटुपुटूचा कारखाना! चार सेकंदांत पत्ता बदलला, काहीही बंद न करता बरं का! पण पाच दिवसांचे बाराशे नंबर पुन्हा रांगेत, आणि दुकानदारांचा जो काही आरडाओरडा... साहेबांना म्हटलं, माझ्या वडिलांचा तेवढा एक पुढे घेऊ? साहेबांचं झुलणं थांबलं. "ज्यांची तक्रार ते आधी. तुमच्या वडिलांची तक्रार आहे?" कशी असेल? मीच रोज सांगत होतो ना, पोचलंय म्हणून! झालं, बाबा रांगेत शेवटी. दहा दिवस. नुसता पत्ता बदलायचा होता हो!

घरी गेलो, सगळं कबूल केलं. बाबा भाजी ढवळत ऐकत होते.

"म्हणजे त्या लुटुपुटूच्या कारखान्यानं ऐकून घेतलं, बरं म्हणाला, आणि केलं काहीच नाही?"

"हो."

"एवढंच ना? चाळीस वर्षं मी तुझ्या आईशी तेच केलं."

मग गॅस बारीक केला. हात पुसले, वही माझ्याकडे सरकवली. "वाच."

मी बोट ठेवून वाचायला लागलो. कांदे दोन. तेल तीन चमचे. तीन तेलाचे होते! त्याच्या खाली मीठ...

"किती?"

"चवीपुरतं."

बाबांचा चेहरा असा उजळला, सात महिन्यांत पाहिला नव्हता. "बघ! म्हणजे माझं बरोबरच होतं!" आणि मिठाचा डबा पुढे ओढला.

मी ताट घेतलं. चव त्यांची, आणि जेवायचं मी.