लंगोट वाळवायचं मशीन

आता तुमीच सांगा, कपडे वाळतच नसतील तर माणसानं करायचं काय? येडगावच्या संपतभाऊचं सांगतो, दोन हजार पाचच्या पावसाळ्यातलं... लेक हर्षाली बाळंतपणाला आलेली, झाली जुळी! म्हंजे दिवसाला चाळीस लंगोट, वर दुपटी, अन् अठरा दिवस ऊन कसलं ते नाय. घरभर दोऱ्या. भाऊ जेवायला बसला की ताटात थेंब. त्याच्या बायकोनं, झुंबरबाईनं, शेगडीवर टोपली पालथी घालून लंगोट शेकले, त्यांना धुराचा वास लागला... पण वाळले का? नाय.

त्यात हर्षालीच्या सासूबाईंचा, सखूबाईंचा निरोप : रविवारी येते, नातवंडं ओल्यात दिसली तर त्याच पावली घेऊन जाईन. झुंबरबाईच्या डोळ्यांना धार. घरात ओल काय कमी व्हती?

भाऊ उठला, नारायणगावात दलीचंदशेठच्या दुकानात गेला. शेठनी धुलाईचं मशीन दाखवलं, त्याच्या शेजारच्या टाकीला म्हणाले ड्रायर. भाऊनं पिशवीतनं काय काढावं? चार ओले लंगोट! ट्रायल पाहिजे म्हणाला. भरल्या दुकानात शेठनी डोळे मिटून टाकी फिरवली, गरगर गरगर, पाणी निथळलं... पण वाळले का? नाय. शेठ म्हणाले, हे नुसतं पिळतं, वाळवायचं दोरीवरच.

"मग आमची झुंबरा काय वाईट पिळती?"

शेठनी कोपऱ्यातलं, दोन वर्षं धूळ खात पडलेलं गरम हवेचं मशीन ओढलं. माणूस सरळ, आधीच बजावलं, वीज लई खातं, अन् तुमच्याकडं लाईट असते कधी? भाऊ ऐकतोय व्हय? पाऊण तासानं लंगोट निघाले, तव्यावरच्या भाकरीवानी गरम. भाऊनं एक गालाला लावला, अन् तुम्हाला सांगतो, रडायचाच राहिला. मशीन टेंपोत!

रविवारी लाईट दहाला आली, दोनला जाणार. बाळांचं सगळं वाळलं, जुळी कोरडीठाक झोपली. तोवर आळीला खबर... धोंडाबाई सुनेची लुगडी घेऊन, अंजना पोरांच्या चड्ड्या घेऊन, अन् झुंबरबाईला कुणाला नाय म्हणवेना. शेवटी भाऊनं अंगावरचा ओला सदरा-लेंगा आत टाकला अन् दहा मिनिटांत लाईट गुल.

तेवढ्यात सखूबाई दारात. नातवंडांना चाचपून बघितलं, गालात हसल्या, लेकरं राहू द्या म्हणाल्या. मग विचारलं, व्याही कुठं दिसत न्हाईत?

बाजरीच्या पोत्यांमागं टॉवेलवर बसलेला संपतभाऊ आतनंच बोलला, "नमस्कार, विहीणबाई. लाईट आली की भेटतो."