तात्यांचं ॲडमिनपद

वेबसाइटला कुठलं प्लगइन आधी टाकावं म्हणून विचारताय ना, मग आमच्या तात्यांचं ऐका.

तात्या म्हणजे माझे चुलते, सणसरला त्यांची उसाच्या रोपांची नर्सरी. कॉलेज सोडल्यावर मी त्यांची वेबसाइट बनवली. बुकिंगचं प्लगइन, म्हणजे साइटला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाकलं, रोज सगळ्याची प्रत काढणारं बॅकअपचंही टाकलं. पण आमच्याकडं वयानं मोठा तो अकलेनंही मोठा, म्हणून साइटवर हवं ते टाकायचा-काढायचा हक्क असलेले ॲडमिन तात्यासुद्धा.

एका सकाळी त्यांचा फोन. पडद्यावर फुलं पडावीत म्हणून त्यांनी नवं प्लगइन टाकलेलं, आणि साइट जड होते म्हणून बुकिंगचं डिलीट केलेलं. शेतकऱ्यांची नावं, रोपांचे आकडे, सगळं त्याच्यासोबत गेलं. तासाभरात लोक रोपं न्यायला येणार होते. मी म्हणालो, "घाबरू नका तात्या, बॅकअप हाय."

"ते व्हय? ते मागंच काढलं, फायलींसकट."

"का?"

"वर्षात एकदाबी कामाला आलं न्हाय."

फोनमध्ये पहिल्या ट्रॅक्टरचा आवाज आला. मी ओरडलो, "आज येणार होतं!"

"मग टाक की परत. न्हाय कोण म्हणतंय?"