शाळेचा निरोप, पोरीच्या तोंडून

माहा जनम चांदूर बाजारच्या इकडचा, अन् दिली मले मोर्शीजोळच्या खेड्यात. माहेरी चौथीपर्यंत शिकली मी, पाचवीले दुसऱ्या गावाले जा लागे, तं बाप म्हणे आता बस झालं, वावरात निंदाले येत जा मायसंग. तवापासून कामच करून राह्यली. आता संत्र्याच्या मंडीत माल निवडतो आमी बाया, मोठं फळ इकडे, बारीक तिकडे, डागी बाजूले. पण मराठी वाचता येते बरं मले, बोट ठेवून, हळूहळू, पण येते.

पोरगी एकच, वैष्णवी. तिच्या बाबाच्या मनात पहिल्यापासून होतं का हिले इंग्रजी शाळेत टाकू. गावात शाळेची गाडी येते, दारातून लेकरं घेऊन जाते, गळ्यात टाय, पायात बूट, मंग काय पाहता. सासू म्हणे नात साहेबीण होते आता. मी म्हटलं होऊ द्या, आपल्यासारखी उन्हात तं नाई वाळन.

शाळावाले मोबाईलवर निरोप अन् फोटो धाडत, आज काय गणित शिकवलं, कोणता धडा घरी वाचून घ्या, तसंच असन काईतरी, पण सारं इंग्रजीत. तिचा बाबा ट्रॅक्टर चालवते, त्याले तं मराठीबी धड वाचता येत नाई. आमी आपले फोटो पाहो, फोटो मोठा करून आपली पोरगी कोठी बसली थे पाहो, अन् खूश होओ.

परीक्षा झाली का पालकायची मिटिंग राहे. कामाचा खाडा करून जाओ मी, एक मिटिंग चुकवली नाई. मॅडम अमरावतीची, तरणी, हासूनच बोले. पण इंग्रजीत बोले. मी म्हटलं मराठीत सांगा ना बाई, तं हळूच म्हणे शाळेत मराठी बोललेलं चालत नाही, तुमची मुलगी सांगेल तुम्हाला. मंग मॅडम बोले, अन् माही एवढीशी पोरगी दोघींच्या मधात उभी राहून मले सांगे, आई, मॅडम म्हणते चांगली आहे. आई, मॅडम म्हणते वाचन चांगलं, गणित चांगलं. मी हात जोडो. येता येता तिले कचोरी घेऊन देओ. चौथीत जाईपर्यंत असंच चाललं, काय सांगू तुमाले.

मंग दिवाळीत नणंद आली अकोल्याहून, थे तिकडे झेडपीच्या शाळेवर मास्तरीण आहे. तिनं लाडानं म्हटलं, ये वैशू, वाच बरं हे, अन् बिस्किटाचा पुडा दिला हाती. पोरीनं पुडा उलटा केला, सुलटा केला. इंग्रजी तं गेलंच, मराठीबी जोडता नाई ये. बरं म्हणे, बावन्नातून सत्तावीस गेले तं किती रे बेटा. पोरगी बोटं पाहत राह्यली अन् रडाले लागली. नणंद मले म्हणे, वहिनी, शाळेत मिटिंगले जात होती का नाई तू?

मी जात होती का नाई!

सुट्ट्या सरल्याबराबर गेली मी. अंगात आग होती नुसती. म्हटलं मॅडम, माह्या पोरीले वाचता येत नाई, अन् तुमी चांगली चांगली म्हणता. तवा थे मॅडम मराठीत बोलली. इतकं सुरेख मराठी बोलली बाप्पा! अहो ताई, मी प्रत्येक मिटिंगला सांगितलं, हिला वाचता येत नाही, वजाबाकी येत नाही, घरी घेऊन बसा. म्हटलं कोणाले सांगतलं? म्हणे तुमच्यासमोरच तर सांगितलं. अन् डोळे पुसाले लागली, म्हणे मलाही नोकरी टिकवायची आहे. मी तशीच उठली.

घरी येऊन सांगतलं तं सासू म्हणे पोरगी खोटारडी निघाली. बाबानं हात उगारला, मी मधात पडली. पोरीले भित्तीजोळ बसवलं अन् इचारलं, काहून वो माय, मॅडम एक सांगे तं तू मले दुसरं काहून सांगे? थे म्हणे, आई, मॅडम काय म्हणे थे मलेबी नाई समजे. हासून बोले, तं मले वाटे चांगलंच म्हणत असन.



आता गावच्या झेडपी शाळेत टाकली आहे. गुरुजी दर शनवारी आमाले बायाले वर्गात बोलावते, तोंडावर सांगते, वैष्णवीले हातच्याचं येत नाई, जोडाक्षर अडते. आयकाले कडू लागते, पण समजते तरी. वाचनाले दुसरीतल्या लेकरायसंग बसते थे, मान खाली घालून. शेजारणीचं पोरगं त्याच इंग्रजी शाळेत आहे, तिले म्हटलं तुह्या पोराचं पाहून घे जाऊन तथी, तं थे म्हणे तुही पोरगी ढ, त्याले शाळा काय करन.

वाचाले येईन तिले, गुरुजी म्हणते येईनच. पण पोरगी बोलाची थांबली. बाबानं म्हटलं, आईले सांग जेवाले वाढ, तं नाई सांगत, म्हणे तुमीच सांगा. मले तिले जवळ घेऊन बसावं वाटते, तं अंग चोरते. देवा, धडा राहू दे मागं. पोरीले पोटभर बोलू दे.