सलीममामांचा कूलर

दंड चुकवणारे खूप बघितलेत, पण आमच्या सलीममामांनी दंड मागून घेतला!

आखातातल्या उम्म अल कुवैनच्या धक्क्यावर मामा गळ टाकून बसलेले. एक मासा लागेल तर शपथ! पण बर्फाचा कूलर माशांनी गच्च भरलेला, कारण सकाळीच आम्ही दोघांनी गुपचूप मार्केट गाठलं होतं. मामींना पत्ताच नाही. त्या शेजारी बसून रत्नागिरीच्या बहिणीला व्हिडिओ कॉलवर सांगत होत्या, "आमचे हे बाजारचा मासा घरात आणतच नाहीत गं!"

तेवढ्यात मासेमारी खात्याचा इन्स्पेक्टर आला. त्याने कूलर उघडला. "इतना मछली? लिमिट से ज्यादा पकडा है. फाइन लगेगा."

मी मामांच्या कानात म्हटलं, "मार्केटचं बिल दाखवा, खलास!"

मामांनी एकदा मामींकडे बघितलं आणि छाती फुगवली.

"सब मैंने पकडा है, साहब. यल्ला, फाइन लिखो!"